एका भोकाबद्दल

दोन वर्षं एकच अर्ज लिहीत होते मी :
अंगणवाडी क्रमांक दोनचा पत्रा फुटला आहे,
सतरंजी भिजते, वजनकाटा गंजतो,
तरी दुरुस्ती व्हावी.
तारीख तेवढी बदलायची.

त्याच भोकातून उजेडही येतो,
हे अर्जात कुठं लिहितात?

पाहिलं ते यथार्थनं.
नाक पुसता पुसता थबकला.
कोब्यावर रुपयाएवढं ऊन.
"ताई, कोनाचा पैसा पडला वो?"
उचलायला हात घातला
तर पैसा हाताच्या पाठीवर चढून बसला.

मग गाणं राहिलं, रंग राहिले.
डिंपीनं मूठ आवळून तो घरी नेला,
दुसऱ्या दिवशी फणफणत आली,
"घरी पाह्यलं त नोयताच. तुमीच घेतला परत."
खरंच होतं तिचं.
माझ्याच खोलीत पडला होता तो,
काही न घडल्यासारखा.

खडूनं घेरला आम्ही त्याला.
खिचडीला उकळी येईतो निसटला.
पुन्हा घेरला. पुन्हा.
वजनकाट्यापासून डाळीच्या पोत्यापर्यंत
खडूच्या रिकाम्या चकत्या.
"कोन ढकलते त्याले?"
गंजात पळी फिरवत दुर्पताबाई म्हणाल्या,
"कोनी नाही. थो आपल्या पायानं जाते."
पृथ्वी फिरते, हे मला पाठ आहे.
त्या दिवशी जीभ वळली नाही.

पळसाला नवी पानं आली तेव्हा
एक-एक पान हातात घेऊन बाहेरच्या भिंतीशी गेलो.
गोलू म्हणाला, "सावलीले डोये काऊन नाही?"
खरंच, का नाहीत?
बाभळीच्या काट्यानं पानाला दोन भोकं पाडली,
आणि भिंतीवर सावलीनं डोळे उघडले.
मंजिरी दोन पावलं मागं.
"थे पाहून राह्यली मले."
मग घाबरत घाबरतच
तिला हात केला.

वैशाखात अंगण सकाळीच तापतं.
हात धुवायच्या रांगेत
अनवाणी पाय पुढच्याच्या सावलीत ठेवायचे,
हे कुणी शिकवलं त्यांना, माहीत नाही.
मी नाही.
यथार्थ उगाच टाचा उंच करून उभा,
मागच्या डिंपीला
कपाळापर्यंत पुरावं म्हणून.

आणि रोहिण्या निघाल्यावर एक दिवस
रज्जाक मिस्त्री आला.
शिडी, डांबराचा डबा,
मंजूर झालेल्या माझ्याच अर्जाची झेरॉक्स.
वर चढला, जागा पाहायला भोकावर बोट ठेवलं,
आणि खाली चकतीत काही उरलं नाही.

अठरा मुलं वर बघत राहिली.
कुणी रडलं नाही.
रडली असती तर बरं होतं.

"मिस्त्री, हे एवढं राहू द्या."
"पानी येईन ना ताई."
येऊ द्या, असं म्हणवेना.
सतरंजी खरंच भिजते.

तो बराच वेळ पत्र्यावर उकिडवा बसला.
मग सायकलच्या ट्यूबचं बूच कापलं,
त्याला सुतळी बांधून आत सोडली.
"आभाळ आलं का ओढा,
उघाड पडली का काठीनं ढकला.
अन् वरून आलेल्याले सांगू नका."

रजिस्टरात मी लिहिलं : दुरुस्ती पूर्ण.
खाली सही.

आज सकाळपासून आभाळ आहे.
सुतळी ओढून खिडकीच्या गजाला बांधली,
आणि मुलांना गोल करून बसवलं.
डिंपी अजून वरच बघतेय.
"ताई, थो वरतंच भिजत असन काय वो?"